जठराला पट्टा : बांधावा की न बांधावा?

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

आजवरच्या आयुष्यात मी एकच स्पर्धा जिंकले आहे, आणि तीही वयाच्या अकराव्या महिन्यात. आरे कॉलनीतल्या आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात 'गुटगुटीत बालक स्पर्धा' होती. तीत माझा पहिला क्रमांक आला. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली. ती अजून आमच्या फडताळात आहे. आई सांगते, परीक्षक बाईंनी मला उचलले आणि "अगं बाई, केवढी जड ही!" असे म्हणून लगेच खाली ठेवले. मंडपात टाळ्या पडल्या. त्यानंतर याच कारणासाठी मला कुणी टाळ्या दिल्याचे स्मरत नाही.

आज माझे वय २० वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन १०४ किलो आहे. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने "आकडे छापायलाच हवेत का गं?" असे विचारले. मी म्हटले, हवेत. कारण ते सगळ्यांनी मनातल्या मनात काढलेलेच असतात. फक्त अंदाजाने, आणि तो अंदाज नेहमी थोडा जास्तच असतो. आपल्या कॉलेजच्या जुन्या लाकडी बाकांत पुढची फळी आणि बसायची फळी यांच्यातले अंतर किती आहे, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? मला ठाऊक आहे. गोरेगाव स्टेशनवरून कॉलनीकडे येणाऱ्या शेअर रिक्षात मी चढू लागले की आधी बसलेली दोन माणसे एकमेकांकडे पाहतात. त्या पाहण्याचा अर्थ सांगायला शब्दकोश लागत नाही.

गेल्या दिवाळीत आत्या आली आणि फराळाच्या ताटावरच तिने विषय काढला. तिच्या ओळखीच्या एका बाईंनी २००८ साली पोटात पट्टा बसवून घेतला होता. "वर्षात चाळीस किलो उतरल्या बघ! काही कापायचे नाही, फाडायचे नाही. दोन-तीन लाख जातील, पण लग्नाच्या वेळी तेवढे वाचतील." शेवटचे वाक्य तिने बाबांकडे पाहून म्हटले. बाबा चकलीचा तुकडा हातात धरून गप्प बसले. आई स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आणि मी? खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. काही कापायचे नाही, फाडायचे नाही, आणि वर्षभरात मी दुसरीच कोणी तरी होणार! त्या रात्री मी झोपले नाही.

हा पट्टा म्हणजे काय, ते आधी सांगते. सिलिकॉनची एक कडी असते. पोटाला चार-पाच लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीने पाहत, ती जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथून थोडे खाली, गुंडाळतात. त्यामुळे जठराचे दोन भाग होतात : वर एक चिमुकली पिशवी, जेमतेम दोन चमचे अन्न मावेल एवढी, आणि खाली उरलेले सारे जठर. कडीच्या आतल्या अंगाला एक फुगा असतो. त्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या बटणाएवढ्या डबीपर्यंत येते. त्या डबीत सुईने मिठाचे निर्जंतुक पाणी भरले की फुगा फुगतो आणि वाट अरुंद होते. काढले की रुंद होते. नळाची चावीच म्हणा ना! वरची पिशवी भरली की पोट भरल्यासारखे वाटते आणि माणूस हात आखडतो. कल्पना साधी आहे, आणि म्हणूनच मोह पाडणारी आहे. लुबोमिर कुझमाक या शल्यविशारदाने १९८६ साली असा कमी-जास्त करता येणारा पट्टा वापरला. १९९३ साली बेल्जियममधल्या हुई या गावी मितिकु बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीतून बसवून दाखवला, आणि २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. पुढची आठ-दहा वर्षे या पट्ट्याची होती. आत्याच्या ओळखीच्या बाई त्याच लाटेतल्या.

नाताळच्या सुट्टीत मी त्या बाईंना भेटायला गेले. आत्याला न सांगता गेले. पन्नाशीच्या पुढच्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. त्यांनी दार उघडले तेव्हाच माझ्या मनातला हिशेब चुकू लागला, कारण त्या बारीक नव्हत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "पट्टा २०१५ साली काढून टाकला गं." पहिल्या वर्षी चाळीस नव्हे, सव्वीस किलो उतरले होते, आत्याने वरचे चौदा आपल्या पदरचे घातले असावेत. मग काय झाले? "भात अडकायचा. पाव अडकायचा. भाकरीचा तर विचारच नको. लग्नाकार्यात चार घास खाल्ले की मोरीकडे धावायचे. पण आइस्क्रीम सरसर उतरायचे. आमरस उतरायचा. बासुंदी उतरायची. मग मी तेच खाऊ लागले." पुढे पट्टा जागचा सरकला, छातीत जळजळ सुरू झाली, रात्री उशाशी चार उशा घेऊन बसून झोपावे लागे. शेवटी दुसरे ऑपरेशन करून काढला. "ज्याने बसवला तो डॉक्टर वाईट नव्हता हं," त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "पट्ट्याला काय कळते? त्याला घट्ट-पातळ एवढेच कळते."

त्यांचे हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. भूक ही केवळ जठराच्या आकारमानाची गोष्ट नाही. ती मेंदूत आणि रक्तातल्या संप्रेरकांतही असते. पट्टा त्या बाजूला फारसा पोहोचतच नाही. तो फक्त दारात उभा राहतो, आणि दारातला माणूस भाकरीला अडवतो, बासुंदीला सोडतो.

जानेवारीत बाबांसोबत एका शल्यविशारदांकडे गेले. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगितले, "पट्टा आता जवळजवळ कुणी बसवत नाही. मी तर बसवलेले काढतो." स्वीडनमध्ये १९८७ सालापासून दोन हजारांवर लठ्ठ माणसांच्या शस्त्रक्रिया करून त्यांची तुलना शस्त्रक्रिया न केलेल्या तितक्याच माणसांशी केली गेली. पंधरा वर्षांनंतर पट्टेवाल्यांचे वजन मूळच्या सरासरी १३ टक्के कमी राहिले होते; जठर आणि आतडे यांची जोडणी बदलणाऱ्या 'बायपास'वाल्यांचे २७ टक्के. माझ्या १०४ किलोंवर हिशेब केला तर तेरा-चौदा किलो विरुद्ध अठ्ठावीस किलो! मात्र त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला वजनापेक्षा महत्त्वाची वाटते. जवळजवळ अकरा वर्षांच्या काळात, वय वगैरे जमेस धरून, शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा २९ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ही शस्त्रक्रिया नटण्यामुरडण्याची नव्हे. आपल्याकडे ती ब्यूटी पार्लरच्या शेजारच्या खोलीत होते की काय, अशा सुरात तिच्याविषयी बोलले जाते!

आता त्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळते, जो आपल्या कॉलेजातच मला ऐकावा लागला. आमच्या एका प्राध्यापकांनी (नाव लिहीत नाही, ते हा अंक वाचतीलच) मला प्रेमाने समजावले, "हा शॉर्टकट आहे. तू तर आरे कॉलनीत राहतेस. अख्खी मुंबई तिथे चालायला येते!"

सर, खरे आहे. पहाटे पाच वाजल्यापासून अंधेरी, मालाड, पवईच्या गाड्या आमच्या झाडांखाली लागतात. धुक्यातून माणसे दोन्ही हात जोरजोराने हलवीत निघतात. (कधी बिबट्याची बातमी आली की दोन दिवस सारे शांत असते, मग पुन्हा चालू.) त्यांच्या शेजारून तबेल्याचा भय्या दुधाच्या किटल्या लादून सायकल हाकत जातो, आणि पाड्यावरची मावशी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन. या दोघांना कुणी सकाळी चाला म्हणून सांगितलेले नाही. मीही चालले आहे. २०२३ च्या जूनपासून पुरते दीड वर्ष, छोटा काश्मीर आणि परत, पावसातसुद्धा. 'दीक्षित की दिवेकर' या वादात महाराष्ट्र २०१८ साली दुभंगला, तेव्हा आमच्या घरात आई एका पक्षात आणि मावशी दुसऱ्या पक्षात होती, आणि मी शाळकरी मुलगी दोन्हीकडची मतदार होते! चालून आणि उपाशी राहून माझे अकरा किलो उतरले. पुढच्या वर्षात चौदा चढले.

याला मी माझ्या इच्छाशक्तीचा दोष मानत आले. मग एक वाचनात आले. अमेरिकेत वजन उतरवण्याची दूरदर्शनवर एक स्पर्धा होत असे. तीतल्या चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. पण त्यांचे शरीर विश्रांतीत जी ऊर्जा जाळते ती मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिली होती. सहा वर्षांनंतरही! शरीर दुष्काळ विसरत नाही, असे म्हणा. ज्याच्याशी आपण लढतो तो आळस नसून आपलेच घाबरलेले शरीर आहे, हे कळल्यावर मी त्या रात्री रडले, पण निराळ्या कारणाने.

शॉर्टकट म्हणणाऱ्यांनी पलीकडचा रस्ताही पाहावा. आज सर्वांत जास्त होते ती शस्त्रक्रिया म्हणजे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून त्याची केळ्याएवढी नळी ठेवणे. कापलेले परत जोडता येत नाही. आधी दोन आठवडे जवळजवळ पातळ अन्नावर राहायचे, म्हणजे यकृत आकसते आणि शल्यविशारदाला जागा मिळते. नंतर काही आठवडे पातळ, मग मऊ. जेवताना पाणी प्यायचे नाही. प्रत्येक घास दळल्यासारखा चावायचा. रोज साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत, आणि हे आपल्या वरणभाताच्या घरात किती कठीण आहे ते आईला विचारा. लोह, कॅल्शियम, ब-१२ यांच्या गोळ्या जन्मभर. आणि एवढे करूनही निष्काळजीपणा केला तर वजन परत येतेच. या रस्त्याला शॉर्टकट म्हणायचे असेल तर एम. ए. ला काय म्हणावे?

डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा टोचायच्या इंजेक्शनांचा पर्यायही सांगितला. मौंजारो आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आले, नंतर वेगोव्ही. वजन चांगले उतरते. पण औषध थांबवले की बरेचसे परत येते, हे त्यांच्या चाचण्यांतच दिसले आहे. मी ते फेटाळलेले नाही. माझ्या बाबतीत आधी शस्त्रक्रिया, असा त्यांचा सल्ला पडला, कारण माझी झोपेची तपासणी वाईट आली होती. रात्री झोपेत माझा श्वास पुन्हा पुन्हा अडकतो. मला वाटत होते मी नुसती घोरते. वर्गात दुपारच्या तासाला मला डुलकी का लागते, याचे उत्तर त्या कागदावर होते. (ज्यांच्या तासाला लागली त्या सर्वांची या निमित्ताने माफी मागते.)

मग कोणाला शस्त्रक्रिया करावी आणि कोणाला नाही, हे ठरवायचे कशावर? डोळ्यांनी पाहून तर नक्कीच नाही. आमच्या घरात मधुमेह आहे, पण तो बाबांना, आणि बाबा काडीसारखे आहेत! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याने २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबीदार, हा आपल्या लोकांचा स्वभाव आहे. म्हणूनच पाश्चात्त्यांची मापे आपल्याला खाली आणावी लागतात. १९९१ च्या अमेरिकन नियमाप्रमाणे निर्देशांक ४०, किंवा सोबत आजार असल्यास ३५, ही शस्त्रक्रियेची पायरी होती. आपल्याकडे ती ३७.५ आणि ३२.५ धरू लागले, आणि २०२२ साली शल्यविशारदांच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती आणखी खाली आणली. आपला विमा मात्र अजून जुन्या पायरीवर आहे : ४०, किंवा ठरावीक गंभीर आजार असल्यास ३५, आणि वय १८ पूर्ण. माझा निर्देशांक जवळजवळ ४२ आहे. म्हणजे मी नियमात बसते. कुठेतरी मी न अडचणता बसते, हा माझा पहिलाच अनुभव!

पण नियमात बसणे आणि मनाने ठरवणे या दोन गोष्टी आहेत. इथे मला माझ्या समाजाशी थोडे भांडायचे आहे.

२०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. ते तेव्हा एका राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष होते. त्यांना कुणी 'आता स्थळे येतील' असे म्हटले नाही. लोकांनी तब्येतीची चौकशी केली आणि ते योग्यच झाले. उलट २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद नावाची एक बाई उपचारांसाठी मुंबईत आणली गेली. तिचे वजन ५०० किलोंच्या आसपास असल्याचे सांगत. ते किती उतरले हे आम्ही क्रिकेटच्या धावांसारखे वर्तमानपत्रात वाचत होतो. मी तेव्हा लहान होते, पण शाळेत मुलांनी माझे नाव 'इमान' ठेवले ते पुरते लक्षात आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती अबुधाबीत वारली. ती बातमी मात्र मला वर्गात कुणी सांगितली नाही.

माझ्या बाबतीत आत्याचे पहिले वाक्य लग्नाचे होते. डॉक्टरांनी सांगितले की शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, कारण त्या काळात शरीरातला पोषणाचा साठा झपाट्याने बदलत असतो. हे मी आत्याला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग स्थळांना सांगायचे नाही." पाहा, पोट माझे, जठर माझे, आणि ते कापल्याची बातमी लपवायची ती एका अनोळखी घरापासून! मी म्हटले, सांगणार. बायोडेटात लिहीन. उंचीच्या खाली.

आजोबांची इथे आठवण येते. ते १९५० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत संगमेश्वराकडून आरेत कामाला आले आणि दुधाच्या बाटल्या धुण्याच्या विभागात लागले. शहरातले म्हशींचे तबेले उचलून १९४९ पासून इथे वसवले गेले, ते दारा खुरोडी यांच्या योजनेतून. टोन्ड दुधाची कल्पनाही त्यांचीच मानतात. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून तो तीनवर आणायचा. मुंबईकरांनी बारीक व्हावे म्हणून नव्हे हं! तेवढ्याच दुधात जास्त मुलांची पोटे भरावीत म्हणून. ज्या कॉलनीने लोकांच्या पोटात काहीतरी जावे यासाठी एवढा खटाटोप केला, तिथली मी तिसरी पिढी, पोट लहान करून घ्यायला निघाले आहे. आजोबा असते तर त्यांना हे पटले असते का? कदाचित नसते. त्यांनी भूक पाहिली होती. आणि ती संपलेली नाही : २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के कमी वजनाच्या. हे दोन्ही आकडे आमच्या एका रस्त्यावर पहाटे समोरासमोर येतात. पण पाड्यावरच्या मुलीचे वजन कमी आहे म्हणून माझा श्वास रात्री अडकायचा थांबत नाही. हे मला स्वतःला पटवायला वेळ लागला.

तर माझा निर्णय असा. पट्टा नाही. शस्त्रक्रिया करणार, जठर लहान करण्याची. बायपास बरा की कसे, ते पुढच्या तपासणीनंतर डॉक्टर आणि मी मिळून ठरवू. परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात. लग्नाची बोलणी त्याआधी नाहीत आणि नंतरही दीड वर्ष नाहीत. वजन किती उतरले, असे मला कुणी विचारू नये. रात्री झोप लागते का, असे विचारावे, सांगेन.

हा निर्णय चुकेलही. वीस वर्षांच्या मुलीने आयुष्यभराची गोष्ट ठरवू नये, थांबावे, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. त्या बाईंनाही २००८ साली सगळे सोपेच सांगितले गेले होते. म्हणून मी डॉक्टरांना वहीत लिहून नेलेले तेवीस प्रश्न विचारले. एकविसाव्याला ते हसले, पण उत्तर दिले. मानसोपचारतज्ज्ञांकडेही एकदा जाऊन आले. त्यांनी विचारले, "बारीक झाल्यावर पहिली गोष्ट काय करशील?" मी म्हटले, रिक्षात मधल्या सीटवर बसेन. त्यांनी ते लिहून घेतले.

आई आता कडधान्ये भिजत घालायला शिकली आहे, आणि सोयाबीनची कसली तरी आमटी करते, ती बाबा मुकाट्याने खातात. आत्या हल्ली माझ्याशी बोलत नाही. मेमध्ये दवाखान्यात रात्री कोण थांबणार, असा प्रश्न परवा आईने फोनवर काढला, तेव्हा ती म्हणाली म्हणे, "दुसरे कोण थांबणार? मीच."